को-वर्किंगमधील सभासद-सवलती: कोणत्या द्याव्यात, कोणत्या बंद कराव्यात आणि हे कसे ठरवावे

सोलापुरात सात रस्त्याजवळ आम्ही को-वर्किंगची जागा, म्हणजे वेगवेगळे लोक खुर्चीमागे मासिक शुल्क देऊन वापरतात असे सामायिक कार्यालय, सुरू केली, तेव्हा पहिल्या वर्षी प्रत्येक नव्या सभासदाला एक लॅमिनेट केलेले कार्ड मिळत असे. त्यावर चौदा सवलती छापलेल्या होत्या: व्यायामशाळेत १० टक्के, चष्म्याच्या दुकानात १५ टक्के, दोन उपाहारगृहे, एक सलून, एक पॅथॉलॉजी लॅब आणि असेच बरेच काही. चौदा ठिकाणी स्वतः जाऊन, मालकांशी बोलून, लेखी संमती मिळवायला दीड महिना गेला होता. पुढे एका एप्रिलमध्ये जागा सोडणाऱ्या सहा सभासदांना मी एकेक करून बसवून घेतले आणि यांतली कोणती सवलत वापरलीत, असे विचारले. दोघांनी प्रत्येकी एकदा उपाहारगृहात कार्ड दाखवले होते. उरलेल्या चौघांना कार्ड कुठे ठेवले तेही आठवत नव्हते. मात्र त्याच सहापैकी चौघांनी मी न विचारताच एक गोष्ट सांगितली: दुपारी फोनवर बोलायला दार लावून बसता येईल अशी जागा मिळत नव्हती.

त्या दिवसापासून मी प्रत्येक सवलतीला एकच कसोटी लावतो. ही सोय नसती, तर सभासदाला काम अर्धवट टाकून खुर्चीवरून उठावे लागले असते का? लागले असते, तर ती सोय पैसे खर्चून द्यावी. नसते, तर ती फुकट मिळत असली तरी तिच्यासाठी वेळ घालवू नये. सवलती द्याव्यात, असेच माझे मत आहे. पण त्या मोजक्या असाव्यात, आपल्याच छताखालच्या असाव्यात आणि त्यांचा हिशेब दरमहा मांडलेला असावा. तो कसा मांडायचा, हे पुढे क्रमाने दिले आहे.

पहिली पायरी: मूळ सेवा आणि सवलत वेगळी करा

एका कागदावर मध्ये रेघ ओढा. डावीकडे सभासद ज्यासाठी भाडे देतो ते लिहा आणि उजवीकडे आपण वर देतो ते. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या ब्रॉडबँड जोडण्या, यूपीएस व जनरेटर, वातानुकूलन, स्वच्छ आणि स्त्रियांसाठी वेगळे स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, दुचाकीसाठी जागा, रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्यांसाठी जिन्यात दिवा आणि दारावर माणूस, हे सगळे डावीकडे जाते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर असतो आणि महापालिकेच्या नळाला रोज पाणी येत नाही; त्यामुळे थंड खोली आणि भरलेली टाकी यांना इथे कोणी सवलत म्हणू नये.

ही विभागणी आधी करायची, कारण डावी बाजू लंगडी असताना उजवीकडे टाकलेला प्रत्येक रुपया वाया जातो. मे महिन्यातली एक दुपार मला स्पष्ट आठवते. तीनच्या सुमारास वीज गेली, पंखे थांबले, यूपीएसची शिटी सुरू झाली आणि हैदराबादच्या ग्राहकाशी हेडसेटवर बोलत असलेल्या एका सभासदाने मान वळवून आधी भिंतीवरच्या राउटरकडे पाहिले. हिरवा दिवा चालू होता. त्याने बोलणे एका शब्दानेही न थांबवता मान परत स्क्रीनकडे वळवली. तो दिवा विझला असता, तर त्याला धरून ठेवणे कोणत्याही सवलतीला जमले नसते. डाव्या बाजूची एक जरी गोष्ट कच्ची असेल, तर हा लेख इथेच बाजूला ठेवून आधी ती पक्की करावी.

दुसरी पायरी: सभासद खुर्चीवरून कशासाठी उठतात, त्याची महिनाभर नोंद ठेवा

कोणत्या सवलती आवडतील, असे सभासदांना विचारू नये. विचारले की ते सगळ्यालाच हो म्हणतात. त्याऐवजी स्वागतकक्षावर एक वही ठेवावी आणि कामाच्या वेळेत बाहेर पडणाऱ्याला सहज विचारून कारण लिहावे. नावाची गरज नाही; वेळ, कारण आणि परत यायला लागलेला अंदाजे वेळ पुरेसा आहे. वहीचा हेतू फलकावर लिहून सर्वांना आधी सांगावा, कारण आपल्या येण्या-जाण्यावर लक्ष ठेवले जाते असा समज कोणाचाही होता कामा नये.

सोलापुरातील सभासद एका साच्यातले नसतात, हे वहीत लगेच दिसते. पुणे, बंगळूर किंवा हैदराबादच्या कंपनीसाठी इथून काम करणारा संगणक अभियंता दिवसातून चार-पाच वेळा फोनसाठी जिन्यात जातो. चादरी, टॉवेल किंवा शालेय गणवेश ऑनलाइन विकणारा उद्योजक कुरिअरवाल्याच्या फोनवर खाली धावतो, नमुन्यांचे गठ्ठे वर आणतो आणि पुन्हा अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत कारखान्यावर जातो. कर-सल्लागार, विमा प्रतिनिधी आणि म्युच्युअल फंडाचे काम करणारे झेरॉक्स, स्कॅन आणि स्टॅम्प पेपरसाठी बाहेर पडतात. स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी मात्र फारसे उठतच नाहीत. त्यांच्यासाठी शहरात कितीतरी कमी शुल्काच्या अभ्यासिका आहेत. त्यांना ओढण्यासाठी सवलती रचणे म्हणजे ज्या स्पर्धेत आपण दरावर टिकू शकत नाही, तिच्यात उतरणे होय.

महिनाअखेरीस कारणांची बेरीज करावी आणि वरची पाचच कारणे पुढच्या पायरीसाठी घ्यावीत. आमच्या वहीत फोन, पार्सल, झेरॉक्स, चहा आणि ग्राहकाला भेटण्यासाठी हॉटेलात जाणे, ही पाच निघाली. व्यायामशाळा, सलून आणि चष्मा यांपैकी एकाचीही नोंद नव्हती. तसे होणे स्वाभाविक आहे, कारण त्या गोष्टी माणूस घराजवळ आणि सुट्टीच्या दिवशी करतो.

तिसरी पायरी: एका खुर्चीमागे किती खर्च परवडतो, ते काढा

पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. आपण आपले घालावेत. समजा, आपल्याकडे ४० खुर्च्या आहेत, त्यांतील ३० भरलेल्या आहेत आणि खुर्चीचे मासिक शुल्क कर वगळून ५,००० रुपये आहे. एक खुर्ची भरली की वीज, सफाई, पाणी अशा बाबींवर वाढणारा खर्च १,२०० रुपये धरू. जागेचे भाडे आणि पगार खुर्ची रिकामी असली तरी द्यावेच लागतात, म्हणून ते यात धरायचे नाहीत. म्हणजे एका भरलेल्या खुर्चीमागे महिन्याला ३,८०० रुपये हाती राहतात.

आता सवलतींवर प्रत्येक खुर्चीमागे २५० रुपये खर्च करायचे ठरवले, तर ३० खुर्च्यांचे ७,५०० रुपये होतात. त्याला ३,८०० ने भागले की जवळजवळ २ येतात. याचा अर्थ असा, की या सवलतींमुळे एरवी रिकाम्या राहिल्या असत्या अशा दोन खुर्च्या वर्षभर भरलेल्या राहिल्या, तरच खर्च भरून निघतो. वर्षाचे ९०,००० रुपये म्हणजे सुमारे २४ खुर्ची-महिने. सोडून जाण्याच्या बेतात असलेले चार सभासद सहा-सहा महिने जास्त टिकले, तर गणित जुळते. सवलत फायद्याची की तोट्याची, हा वाद या एका आकड्यावर आणून ठेवला की तो निम्मा संपतो.

याच ठिकाणी आणखी एक तुलना करावी. तेच २५० रुपये शुल्कातून कमी केले तर काय होईल? माझ्या अनुभवात ४,७५० आणि ५,००० यांतल्या फरकामुळे कोणी आले नाही आणि कोणी थांबलेही नाही. शिवाय एकदा कमी केलेले शुल्क पुन्हा वाढवताना प्रत्येक सभासदाशी स्वतंत्र बोलणी करावी लागतात. सवलत मात्र पूर्वसूचना देऊन बदलता येते. म्हणूनच दर सरसकट कमी करण्यापेक्षा निवडक सोय देणे मला अधिक सुरक्षित वाटते.

चौथी पायरी: एकेक सवलत कसोटीवर घासून पाहा

सुरुवात चहापासून करतो, कारण सर्वांत जास्त पैसे तोच खातो आणि त्याचाच हिशेब कोणी करत नाही. ३० माणसे, दिवसाला दोन कप, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १,५६० कप. दूध, साखर, गॅस धरून कपाला ६ रुपये लावले तरी ९,३६० रुपये होतात. खुर्चीमागे ३१२ रुपये, म्हणजे २५० चे अंदाजपत्रक एकट्या चहानेच ओलांडले. दुपारी चारला एकदाच चहा दिला, तर खर्च खुर्चीमागे १५६ रुपयांवर येतो. मी तोच मार्ग धरला आहे आणि त्याचे कारण केवळ बचत हे नाही. दिवसभर चालू असलेल्या यंत्रातून प्रत्येक जण आपापला कप घेऊन जागेवर जातो; चारच्या चहाला मात्र सगळे एकाच वेळी उठतात. तेलुगू, कन्नड आणि मराठी एकाच टेबलाभोवती ऐकू येतात आणि टॉवेल विकणाऱ्याला संकेतस्थळ बनवणारा तिथेच भेटतो. ही ओळख बाहेर विकत मिळत नाही. सकाळचा चहा ज्याला हवा, तो खालच्या टपरीवर घेतो आणि त्यात कोणाचे काही बिघडत नाही.

चहानंतर खुर्चीमागे ९४ रुपये उरतात. बाकीचे सगळे त्यांत बसवायचे, म्हणून आधी ज्यांना जवळजवळ काहीच खर्च येत नाही अशा सोयींकडे पाहावे, म्हणजेच आपल्याकडे आधीच रिकामे पडून असलेल्या गोष्टींकडे. बैठकीची खोली ही त्यांतली सर्वांत मोठी. दिवसाला १० तास आणि २६ दिवस, म्हणजे महिन्याला २६० तास ती उपलब्ध असते. प्रत्येक सभासदाला ४ तास मोफत दिले, तर कागदावर १२० तास होतात. प्रत्यक्षात निम्मे सभासद तिच्याकडे फिरकतही नाहीत. धोका वेगळाच असतो. ११ ते १ आणि ४ ते ६ या वेळांना बाहेरचे ग्राहकही हीच खोली पैसे देऊन मागतात. म्हणून मोफत तास सकाळी ११ पूर्वी आणि दुपारी १ ते ४ या वेळेतच द्यावेत, बाकीच्या वेळेला सभासदासाठी निम्मा दर ठेवावा आणि न वापरलेले तास पुढच्या महिन्यात नेऊ देऊ नयेत. एवढे तीन नियम नसतील, तर ही सवलत आपले भाडे देणारे ग्राहक घालवते.

फोनसाठी जागा हा प्रश्न आम्ही एका अडगळीच्या खोलीत सोडवला. सुताराकडून प्लायवूडचे दोन कप्पे करून घेतले, आतून जाड कापडाचे अस्तर लावले, वर छोटा एक्झॉस्ट पंखा बसवला आणि दारावर लिहिले की एका वेळी वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये. खर्च एकदाच झाला. जिन्यातली गर्दी त्याच आठवड्यात संपली.

पार्सल आणि पत्ता या दोन सोयी सोलापुरात विशेष मोलाच्या आहेत. घरून टॉवेल, चादरी किंवा शेंगाचटणी विकणाऱ्याला कुरिअर उतरवून घेणारा माणूस आणि वस्तू ठेवायला कुलपाचे कपाट मिळाले, तर त्याचा रोजचा तास वाचतो. नोंदवहीत आलेल्या पार्सलची वेळ, खोक्यांची संख्या आणि घेणाऱ्याची सही एवढे असावे. नाशवंत माल, रोख रक्कम आणि सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहणारा माल घेणार नाही, असे आधीच लिहून द्यावे.

जीएसटी नोंदणीसाठी आपला पत्ता वापरू देणे ही मात्र सवलत म्हणून फुकट वाटू नये. तिच्यासाठी वेगळे शुल्क घ्यावे, कारण तिच्याबरोबर जबाबदारी येते. सभासदाला करारपत्र, जागेच्या मालकीचा पुरावा म्हणून वीजबिल किंवा मालमत्ता कराची पावती आणि ना हरकत पत्र द्यावे लागते. आपण स्वतः भाडेकरू असू, तर मूळ करारात पोटभाड्याने देण्याची स्पष्ट परवानगी आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. अधिकारी प्रत्यक्ष पाहणीला येऊ शकतात आणि नोंदणीकृत व्यवसायाने आपला क्रमांक दर्शनी नामफलकावर लावणे बंधनकारक आहे, म्हणून फलकासाठी भिंतीवर जागा राखावी लागते. सरकारी पत्र आले की त्याच दिवशी सभासदाला कळवण्याची शिस्तही हवी. हे सगळे नीट केले, तर या सोयीसाठी आलेला सभासद सहसा सोडून जात नाही, कारण पत्ता बदलणे म्हणजे नोंदणी, बँक आणि बिलपुस्तके सगळेच बदलणे असते.

पुण्यातील खुर्ची ही मला सर्वांत समाधान देणारी सवलत आहे. आमचे कितीतरी सभासद महिन्यातून एक-दोनदा सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जातात आणि त्याच दिवशी परततात. दोन बैठकांमधले तीन तास त्यांना कुठल्यातरी कॅफेत, महागड्या कॉफीसमोर लॅपटॉपची बॅटरी सांभाळत काढावे लागत. पुण्यातील एका लहान जागेच्या चालकाशी आम्ही साधी अदलाबदल ठरवली: त्यांच्या सभासदाला सोलापुरात आणि आमच्या सभासदाला पुण्यात महिन्याला दोन दिवस मोफत, आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत कळवण्याच्या अटीवर. पैशाची देवघेव नाही. रिकामी खुर्ची दोघांकडेही असतेच. जगभरातील स्वतंत्र को-वर्किंग जागांमध्ये ही परस्पर पद्धत ‘को-वर्किंग व्हिसा’ या नावाने बऱ्याच वर्षांपासून चालते, त्यामुळे अटी नव्याने शोधाव्या लागत नाहीत. दोन बाबी मात्र लेखी असाव्यात: पाहुण्या सभासदाची ओळख कशी पटवायची आणि जागा भरलेली असेल तर नकार देण्याचा हक्क कोणाला.

सॉफ्टवेअर आणि क्लाउडची क्रेडिट, म्हणजे त्या सेवांच्या बिलातून वजा होणारी मोफत रक्कम, जाहिरातीत फार मोठी दिसतात. ॲमेझॉनच्या ॲक्टिव्हेटसारख्या योजनांत नवउद्योग स्वतःही अर्ज करू शकतो आणि मान्यताप्राप्त संस्थेमार्फत मिळणारी रक्कम अधिक असू शकते. पण या क्रेडिटना मुदत असते आणि पात्रतेच्या अटी असतात. आपल्या तीस सभासदांपैकी अशा सेवांवर चालणारे उत्पादन बनवणारे किती, हे आधी मोजावे. एक-दोन असतील तर त्यांना अर्ज भरायला मदत करावी आणि माहितीपत्रकात त्याचा डांगोरा पिटू नये.

दुकानांच्या सवलतींबद्दल सुरुवातीला सांगितलेच आहे. त्यात एक नुकसान सहज लक्षात येत नाही. एका व्यायामशाळेच्या काउंटरवर नवीन कर्मचाऱ्याने आमचे कार्ड ओळखले नाही, तेव्हा सभासद तिथल्या मालकाशी भांडला नाही. तो आमच्याकडे आला. दुसऱ्याने दिलेल्या शब्दाची हमी आपण घेतलेली असते. म्हणून आता आम्ही बाहेरच्या दुकानांशी एकच व्यवस्था ठेवली आहे, ती म्हणजे जवळच्या झेरॉक्स दुकानात महिन्याचे खाते. तिथे जायला लागणारी चार मिनिटे वहीत खरोखर दिसली होती.

पाचवी पायरी: नियम आणि बिल

प्रत्येक सवलत चार ओळींत लिहावी: कोणाला, किती, केव्हा आणि कधीपर्यंत. डे-पास, म्हणजे एका दिवसापुरती जागा, घेणाऱ्यांसाठी आम्ही एक ओळ जास्त लिहितो. मकर संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रेत, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत, नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे शहराच्या मध्यवर्ती भागातील वाहतूक वळवली जाते आणि लोक जागेपर्यंत पोहोचू शकत नाहीत, म्हणून गड्ड्याच्या त्या दिवसांचे पास महिनाअखेरपर्यंत चालतात. याला आपला खर्च शून्य आहे आणि सभासद ते वर्षभर लक्षात ठेवतात.

बिलाबाबत तीन गोष्टी आपल्या सनदी लेखापालाशी बोलून घ्याव्यात. खुर्चीच्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. नोंदणीकृत सभासदाला त्याचे क्रेडिट मिळू शकते, म्हणजे तो कर स्वतःच्या देय जीएसटीतून वजा करता येतो; नोंदणी नसलेल्याला तो खर्चच असतो, म्हणून दर सांगताना करासह आणि करावेगळा असे दोन्ही आकडे द्यावेत. सणासुदीला शुल्कात सूट दिली, तर ती बिलातच दाखवावी, म्हणजे कर कमी झालेल्या रकमेवर बसतो. नंतर रोखीने परत केलेल्या पैशाला हा लाभ आपोआप मिळत नाही. आणि खाद्यपदार्थांवर किंवा मोफत वाटलेल्या भेटवस्तूंवर आपण भरलेल्या कराचे क्रेडिट सर्वसाधारणपणे अडवलेले असते, त्यामुळे दिवाळीच्या भेटीचा खर्च मांडताना करासह पूर्ण रक्कम धरावी.

सहावी पायरी: तीन महिने चालवा, मग निर्णय घ्या

नवी सवलत कायमची म्हणून जाहीर करू नये. ‘तीन महिन्यांसाठी’ असे लिहूनच सुरू करावी. या काळात दरमहा दोनच आकडे लिहावेत: किती वेगवेगळ्या सभासदांनी ती वापरली आणि त्यांच्यापैकी किती जणांनी नूतनीकरण केले. एकूण वापराचा आकडा फसवा असतो, कारण एकच सभासद बैठकीची खोली वीस वेळा घेऊ शकतो. तिसऱ्या महिन्याअखेरीस पाचातला एकही सभासद ती वापरत नसेल, तर ती काढावी. अपवाद फक्त पत्त्यासारख्या सोयीचा, जिचे वापरणारे थोडे असले तरी त्यांचे राहणे तिच्यावरच अवलंबून असते.

जाणाऱ्या सभासदाशी बोलणे हा या मोजमापाचा सर्वांत मौल्यवान भाग आहे. डिपॉझिट परत देण्यापूर्वी नव्हे, तर दिल्यानंतर बोलावे. तेव्हाच तो मोकळेपणाने सांगतो. ‘काय आवडले नाही’ असे न विचारता, ‘शेवटच्या आठवड्यात कामात कुठे खोळंबा झाला’ असे विचारावे आणि उत्तर त्याच्याच शब्दांत त्याच वहीत लिहावे.

सवलत काढताना निदान एक पूर्ण महिना आधी सूचना द्यावी, ती फलकावर आणि मासिक बिलाच्या तळाशी दोन्हीकडे लिहावी, आणि ज्यांनी सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे शुल्क आगाऊ भरले आहे त्यांना ती मुदत संपेपर्यंत चालू ठेवावी. आमच्या चौदा सवलतींचे कार्ड बंद केले, तेव्हा त्या सूचनेखाली फोनच्या दोन कप्प्यांचे वेळापत्रक लावले होते. कार्डाबद्दल एकाच सभासदाने विचारले. कप्प्यांच्या वेळा मात्र त्या दिवशी दुपारपर्यंत संध्याकाळी सातपर्यंतच्या भरून गेल्या होत्या.